वाचनाच्या ओघांत : अमेरिकेचा इतिहास आणि रहस्यकथा

या सदरांत आम्ही बहुधा एकाद्या जुन्या संस्कृत ग्रंथाविषयीं चार शब्द लिहितों, हें वाचकांच्या आतां अंगवळणीं पडलें आहे. या खेपेस थोडी वाट वांकडी करावयाची आहे. गेल्या वैशाखापासून चार महिने आम्हीं उभयतांनीं अमेरिकेंत, न्यू जर्सी संस्थानांत, कन्येच्या घरीं घालविले. कन्या व जांवई सकाळींच कामावर जात, आणि मग त्या प्रशस्त घरांत दोन वृद्ध माणसें व एक धुण्याचें यंत्र एवढींच शिल्लक राहत. सुदैवानें पायीं दहा मिनिटांच्या वाटेवर सार्वजनिक ग्रंथालय होतें. आमच्या गांवच्या वाचनालयांत एका वेळीं दोन पुस्तकें मिळतात व तींहि अनामत ठेवून. तेथें पिशवी भरून नेली तरी कोणी हूं कीं चूं करीना. या औदार्यानें आम्ही प्रथम संकोचलों, आणि पुढें सोकावलों.

आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. त्यापुढील विद्याभ्यास पाठशाळेंत झाला आणि नोकरीचीं सारीं वर्षें मुलांना संस्कृत शिकविण्यांत गेलीं. त्यामुळें इंग्रजी पुस्तक वाचतांना शेजारीं कोश आणि कोशाच्या शेजारीं चौदा वर्षांची नात, अशी आमची व्यवस्था होती. नातीस आम्ही शब्द विचारीत असूं. ती आम्हांस त्याचा अर्थ इंग्रजींत सांगे. मग त्या अर्थाचा अर्थ आम्ही कोशांत पाहत असूं. अशा गतीनें जें वाचन झालें त्याचीं हीं टिपणें आहेत. ग्रंथपरीक्षण म्हणून कोणीं तीं वाचूं नयेत.

प्रथम नजरेंत भरली ती एक विसंगति. ज्या राष्ट्रानें आपलें स्वातंत्र्य १७७६ सालीं जाहीर केलें त्याचा इतिहास म्हणजे पेशवाईच्या उत्तरार्धापासूनचा. आमच्या दृष्टीनें हें कालपरवांचेंच. पण त्या अल्प इतिहासावर लिहिलेलीं पुस्तकें पाहावीं तर एकेक उशाएवढें! डेव्हिड मॅकलो यांचें दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांचें चरित्र २००१ सालीं निघालें, रॉन चेर्नो यांचें हॅमिल्टनचरित्र २००४ सालीं. दोन्ही जाड, दोन्ही लोकांनीं विकत घेऊन वाचलेलीं. हॅमिल्टन यांच्या चरित्रावरून तर २०१५ सालीं संगीत नाटक झालें आणि तें पाहण्यास लोकांनीं रांगा लावल्या. ज्या महाराष्ट्रानें संगीत नाटकावर जीव ओंवाळून टाकला त्यास हें ऐकून कौतुकच वाटेल. चेर्नो यांच्याविषयीं आमचें मत थोडें प्रतिकूल आहे. त्यांचे परिश्रम अफाट आहेत. पण चरित्रनायकाच्या चुका सांगतांना त्यांचा आवाज वकिलाचा होतो. कल्हणानें राजतरंगिणीच्या आरंभींच इतिहासकारानें रागद्वेष टाकून न्यायाधीशासारखें बोलावें अशी अपेक्षा ठेविली आहे. त्या कसोटीस चरित्रकार फारसे उतरत नाहींत, आमच्याकडील तर विशेषेंकरून नाहींत.

डोरिस कर्न्स गुडविन या बाईंचें लिंकनवरील पुस्तक (२००५) मात्र आम्हांस मनापासून आवडलें. सेवर्ड, चेस व बेट्स हे तिघे अध्यक्षपदाच्या उमेदवारींत लिंकन यांचे प्रतिस्पर्धी. निवडून आल्यावर लिंकन यांनीं तिघांसहि मंत्रिमंडळांत घेतलें. हरलेल्यास घरीं बोलावून मानाची जागा द्यावयाची, आणि आपल्याहून अधिक शिकलेल्या त्या माणसांचा तोरा वर्षानुवर्षें सोसावयाचा, हें किती कठीण आहे तें ज्यांनीं गांवच्या एकाद्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळावर काम केलें असेल त्यांस निराळें सांगावयास नको.

पण या सर्वांत ज्या ग्रंथकारानें आम्हांस खिळवून ठेविलें ते रॉबर्ट कॅरो. १९३५ सालीं जन्मलेल्या या गृहस्थांनीं आयुष्याचा मोठा भाग लिंडन जॉन्सन या एका राष्ट्राध्यक्षाच्या चरित्रास वाहिला आहे. पहिला खंड १९८२ सालीं, दुसरा १९९० सालीं, तिसरा २००२ सालीं आणि चौथा २०१२ सालीं निघाला. पांचव्याची वाट वाचक तेव्हांपासून पाहत आले आहेत. तरुणपणीं वृत्तपत्रांत असतां एका वडील संपादकानें त्यांस सांगितलें होतें कीं, कागदांचें बाड हातीं आलें म्हणजे कांहींहि गृहीत न धरतां त्यांतलें पान न् पान उलटावें. तो उपदेश त्यांनीं आयुष्यभर पाळला. हें वाचतांना आम्हांस मिरजेच्या शाळेंत संस्कृत शिकवितां शिकवितां पटवर्धनांच्या दप्तरांतील कागद वाचणारे वासुदेवशास्त्री खरे आठवले, आणि वाईस सांपडलेल्या पत्रांवरून १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढणारे राजवाडे आठवले. एवढेंच कीं, कॅरो यांस त्यांच्या देशानें हयातींतच वाचलें.

कॅरो यांनीं आणखी एक गोष्ट केली. जॉन्सन ज्या टेक्सासच्या डोंगराळ भागांत वाढले तेथील माणसें न्यूयॉर्कच्या पाहुण्याशीं मोकळेपणानें बोलेनात. तेव्हां हे गृहस्थ पत्नीसह तेथें बिऱ्हाड करून सुमारें तीन वर्षें राहिले! त्या वास्तव्याचें फळ म्हणजे पहिल्या खंडांतील एक प्रकरण. त्या भागांत १९३९ च्या सुमारास वीज आली, आणि ती आणण्यांत तरुण जॉन्सन यांचा हात होता. कॅरो विजेचे खांब मोजीत बसत नाहींत. वीज नसतांना तेथील बायकांचा दिवस कसा जाई तें ते सांगतात. विहिरींतून बादल्या ओढावयाच्या, त्या घरापर्यंत वाहावयाच्या, सोमवारीं धुणें, मंगळवारीं इस्त्री; आणि ती इस्त्री म्हणजे लोखंडाचा ठोकळा, भर उन्हाळ्यांत लांकडाच्या चुलीवर तापवून घ्यावयाचा. म्हाताऱ्या झालेल्या त्या बायकांनीं आपलीं वांकलेलीं पाठखांदीं त्यांस दाखविलीं.

हें प्रकरण आम्हीं मराठींत अर्थ सांगत सांगत आमच्या मंडळींस वाचून दाखविलें. त्या वांगीं चिरीत होत्या. चिरणें थांबलें. कांहीं वेळानें म्हणाल्या, "सासूबाईंच्या हाताला रहाटाच्या दोराचे घट्टे होते. शेवटीं अंथरुणावर होत्या तेव्हां अंग पुसतांना मी पाहत असें." आमची आई कोंकणांतल्या त्या घरीं पन्नास वर्षें पाणी ओढीत होती. आम्ही तिच्या हातचें जेवलों, तिच्या पायां पडलों. हात उलटून पाहिल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. टेक्सासच्या बायकांच्या पाठी वाचून आम्हांस आईचे हात समजले.

याच कॅरो यांचा दुसरा खंड मात्र निव्वळ रहस्यकथेसारखा वाचला जातो. १९४८ सालीं जॉन्सन सिनेटच्या उमेदवारीसाठीं उभे राहिले आणि सुमारें दहा लक्ष मतांत ८७ मतांनीं विजयी ठरले. मतदान होऊन सहा दिवस लोटल्यावर तेरा क्रमांकाच्या एका पेटींतून आणखी दोनशे मतें निघालीं! मतदारांच्या यादींत शेवटीं वाढविलेलीं नांवें एकाच शाईनें, एकाच हातानें आणि वर्णानुक्रमानें लिहिलेलीं होतीं. म्हणजे त्या गांवचे लोक अकारविल्ह्यानें मत देण्यास आले असें मानावें लागतें. कॅरो यांनीं त्या केंद्रावरच्या वृद्ध अधिकाऱ्यास अनेक वर्षांनीं शोधून काढलें, आणि त्यानें आपल्या हातानें लिहिलेली हकीकत पुढें ठेविली. आमचे जांवई हें ऐकून हंसले व म्हणाले, "मामा, आपल्याकडे निदान नांवें तरी मागेंपुढें करतात!"

आतां रहस्यकथांकडे वळूं. शास्त्र्याच्या तोंडीं हा विषय शोभत नाहीं असें कोणी म्हणेल. पण मुद्राराक्षस म्हणजे दुसरें काय आहे? हेर, वेषांतर, सांपडलेली अंगठी, बनावट पत्र. तेथें खून आहे तो पडद्यामागें, आणि डाव आहे तो माणूस मारण्याचा नसून वश करण्याचा. मृच्छकटिकांतला शर्विलक भिंतीला भोंक कोणत्या आकाराचें पाडावें याचा जो विचार करतो तो ऐकून आमचा वर्ग दरवर्षीं खुष होई. त्याच नाटकाच्या नवव्या अंकांतलें न्यायालय, राजाचा मेव्हणा फिर्यादी म्हणून येतांच बिचकणारा न्यायाधीश, हें सारें ध्यानांत असल्यामुळें जॉन ग्रिशॅम यांच्या वकिली कादंबऱ्यांत आम्हांस परकें असें कांहींच वाटलें नाहीं. त्यांची १९९१ ची 'द फर्म' आम्हीं दोन दिवसांत संपविली, आणि त्यांत कोश फारसा उघडला नाहीं. गलेलठ्ठ पगार, घर, मोटार देणारी कचेरी तरुण वकिलाकडून मोबदल्यांत काय घेणार आहे, हा प्रश्न परदेशीं मुलें पाठविणाऱ्या आईबापांनींहि एकदां वाचून पाहावा.

आमच्या मंडळींचा या प्रांतांतला अधिकार आमच्याहून मोठा आहे. त्यांच्या माहेरीं बाबूराव अर्नाळकरांच्या काळापहाड व झुंजार यांचीं पुस्तकें माजघरांत उघड वाचलीं जात. ली चाइल्ड यांच्या जॅक रीचर या नायकाची कथा आम्हीं त्यांस सांगितली. हे ग्रंथकार जन्मानें इंग्रज, पण त्यांचा नायक अस्सल अमेरिकन. १९९७ पासून तो गांवोगांव फिरत आहे. घर नाहीं, सामान नाहीं, खिशांत एक घडीचा दांत घासण्याचा ब्रश. कपडे मळले कीं नवे विकत घ्यावयाचे व जुने टाकून द्यावयाचे. मंडळी एवढेंच म्हणाल्या, "म्हणजे धुण्याची कटकट नको म्हणून संन्यास घेतला म्हणा ना!" या टीकेपुढें आमचें परीक्षण लंगडें आहे. मायकेल कॉनेली यांचा हॅरी बॉश हा पोलिस मात्र आम्हांस अधिक जवळचा वाटला. तो म्हातारा होत जातो, वरिष्ठांशीं भांडतो, निवृत्त होतो व निवृत्तीनंतरहि जुन्या फायली घेऊन बसतो. जेम्स पॅटरसन यांचें एक पुस्तक उघडलें. दोन पानांचें प्रकरण, पुन्हां दोन पानांचें प्रकरण. अर्ध्या वाटेवर परत केलें. भेळ खाऊन पोट भरत नाहीं.

आणि येथें त्या पुस्तकाशीं आम्ही येऊन पोंचतों ज्याच्याकरितां हें टिपण लिहावयास घेतलें. डेव्हिड ग्रॅन यांचें 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' २०१७ सालीं निघालें, आणि २०२३ सालीं मार्टिन स्कॉर्सेसी यांनीं त्यावर चित्रपट काढला. नातीनें तें रहस्यकथांच्या कपाटाजवळून उचलून आणलें. आहे तें इतिहासाचें. ओसेज ही अमेरिकेंतील मूळ रहिवाशांची एक जमात. पूर्वींच्या भूमींतून हुसकली गेल्यावर त्यांनीं ओक्लाहोमांत खडकाळ जमीन विकत घेतली. पुढें त्याच जमिनीखालीं तेल सांपडलें, आणि १९२० च्या सुमारास हे लोक जगांतल्या अत्यंत धनवान् लोकांत गणले जाऊं लागले. तेलाच्या उत्पन्नांतला प्रत्येकाचा हिस्सा विकतां येत नसे. तो वारसाहक्कानेंच मिळे. यांतच पुढचें सर्व पाप आलें. विकत घेतां येत नाहीं म्हणून लग्न करावयाचें, आणि लग्न केलें म्हणजे वारस व्हावयाचें. मॉली बर्कहार्ट या स्त्रीची एक बहीण १९२१ सालीं गोळी घालून मारलेली सांपडली. दुसऱ्या बहिणीचें घर १९२३ सालीं स्फोटानें उडविलें. आई तर आधींच झिजून मेली होती. मॉलीचा गोरा नवरा अर्नेस्ट याचा या कटांत हात होता, आणि सूत्रधार होता त्याचाच मामा विल्यम हेल, जो त्या मुलखांत दानशूर म्हणून ओळखला जाई.

खुनांचा तपास, टॉम व्हाइट या अधिकाऱ्याची चिकाटी, खटला, हें सारें रहस्यकथेच्या वेगानें येतें व संपतें. पण ग्रॅन तेथें थांबत नाहींत. ओसेज माणसास आपले पैसे सांभाळण्याची अक्कल नाहीं असें ठरवून न्यायालय त्याच्यावर एक गोरा पालक नेमीत असे. मुलास औषध आणावयाचें तरी पालकाची परवानगी. पालक कोण? गांवांतले वकील, दुकानदार, पेढीवाले; देवळांत पुढच्या बाकावर बसणारे. ग्रॅन यांना सरकारी दप्तरखान्यांत एक जुनी वही सांपडली. तींत पालकाचें नांव, त्याखालीं त्याच्या ताब्यांतल्या ओसेज माणसांचीं नांवें, आणि कित्येक नांवांपुढें कारकुनानें लिहिलेला एकच शब्द : मृत. एकेका पालकाखालीं इतके मृत कीं योगायोग म्हणवेना. खुनी एक हेल नव्हता. सबंध गांव कमीअधिक जाणत होतें, आणि सभ्य गांव होतें.

नात म्हणाली, "आजोबा, पण त्यांना वाटत असेल का की आपण त्यांच्या भल्यासाठीच करतोय?" आम्ही म्हणालों, "कांहींना वाटत असेल." ती म्हणाली, "ते जास्त वाईट आहे." आणि खेळावयास गेली.

त्याच आठवड्यांत कन्येनें आपल्या कपाटांतून इझाबेल विल्कर्सन या बाईंचें 'कास्ट' (२०२०) हें पुस्तक काढून दिलें. अमेरिकेंतील गोऱ्याकाळ्यांचा भेद हा वर्णाचा नसून जातीचा आहे असें त्यांचें प्रतिपादन. तुलनेस त्यांनीं हिंदुस्थान व नाझी जर्मनी घेतले आहेत. आमच्या मनांत आक्षेप भराभर उठले. जातीचें शास्त्र त्यांनीं घाईनें उरकलें आहे. चार वर्ण व सहस्र जाति यांतला भेद त्यांच्या हातून निसटतो. तेथें भेद कातडीवर दिसतो, येथें आडनांव विचारावें लागतें. हे आक्षेप आम्हांस अजूनहि खरे वाटतात. पण ते सुचण्याचा वेग आमच्याच ध्यानांत आला. ओसेज गांवच्या सभ्य गृहस्थांस वाचतांना एकहि आक्षेप सुचला नव्हता. आणि ही तुलना कोणा परकीय बाईंनीं प्रथम केली असेंहि नाहीं. ज्योतिबा फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेंतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या तेथील सज्जनांस अर्पण केली होती. पुण्यांत, मराठींत. आम्हीं तें पुस्तक आयुष्यांत उघडलें नव्हतें; नांव ऐकलें होतें आणि मत ठरलेलें होतें.

आतां एक गोष्ट सांगावयाची ती सांगून टाकतों. १९८० नंतरच्या दशकांत आम्ही कोंकणांतल्या एका शाळेंत होतों. आठवीच्या मुलांस संस्कृत घ्यावयाचें कीं हिंदी हें ठरवावें लागे. बौद्धवाडींतला एक मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, मला संस्कृत घ्यायचंय." आम्हीं त्यास प्रेमानें, खरोखरच प्रेमानें, सांगितलें, "बाळ, तुला जड जाईल. घरीं सांगणारें कोणी नाहीं. हिंदी घे, मार्क मिळतील." त्यानें मान डोलविली. आम्हीं त्यास हिंदीचें एक जुनें पुस्तक स्वतः दिलें, आणि त्या दिवशीं आपण एका गरीब मुलाचें नुकसान टाळलें असें आम्हांस वाटलें. खून व लूट यांच्या पंक्तीस ही गोष्ट बसवावी इतके आम्ही भाबडे नाहीं. पण पालक हा शब्द वाचतांना तो मुलगा दारांत उभा राहिला, हें खरें.

भाद्रपदांत परत आल्यावर आम्हीं माळ्यावरील पेटी खालीं काढली. टांचणवह्या टाकून द्यावयाच्या असें मंडळींचें कधींपासून म्हणणें आहे. कॅरो यांचा उपदेश स्मरून पान न् पान उलटलें. त्या वर्षाची वही सांपडली. आठवींतल्या मुलांची यादी दोन रकान्यांत, संस्कृत व हिंदी, आमच्याच अक्षरांत, पेन्सिलीनें. सातवीचे मराठीचे गुण प्रत्येकापुढें लिहिलेले. त्या मुलाचे गुण ८१. संस्कृतच्या रकान्यांतल्या सात मुलांचे त्याहून कमी. त्यांतल्या चौघांस आम्ही आडनांवानें आजहि ओळखतों. मुलाचें नांव हिंदीच्या रकान्यांत होतें. यादीवर तारीख आहे ती मे महिन्याची. शाळा उघडली जूनच्या तेरा तारखेस, आणि तो आमच्याकडे विचारावयास आला तो त्यानंतर.

नातीचा रविवारीं फोन येतो. त्या मुलाचें पुढें काय झालें हें ती दर खेपेस विचारते. गांवाकडे एका जुन्या विद्यार्थ्यास पत्ता काढावयास सांगितलें आहे.